आइसपॅक आधी कानाला लावा

मित्रांनो, मी एक जुना, निळा आणि जन्मजात भित्रा डबा आहे. लस थंड ठेवून दवाखान्यापर्यंत न्यायची, हे माझं काम. कारखान्यात माझ्या भिंतींत फोम भरला, वर घट्ट झाकण बसवलं, तेव्हापासून पोटात नुसती धाकधूक! सगळे उन्हाला भितात. मी बर्फालाही भितो, कारण काही लसी एकदा गोठल्या की कामातून गेल्या. वितळल्यावर वरवर तशाच दिसतात, पण बाळाला वाचवत नाहीत.

मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या आमच्या मॅडम भावी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बजावतात, "आइसपॅक फ्रीजरमधून काढला की बाहेर ठेवा. त्याला घाम फुटू द्या. मग कानाजवळ हलवा. आत पाणी खळखळलं, तरच डब्यात."

परवा चष्मिश नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याने आइसपॅक काढले आणि थेट माझ्यात कोंबले. "जेवढं गार तेवढं बरं," म्हणाला. अरे बाबा, कान लाव की! पण डब्याचं कोण ऐकतो? रस्ताभर माझी बोबडी वळली होती. लसीच्या कुप्या त्या बर्फाला अगदी चिकटून बसल्या होत्या.

दवाखान्यात पहिलाच नंबर एका तान्हीचा होता. चष्मिशने सुई भरली.

"हळू हं, डॉक्टर," तिची आई म्हणाली. "हिचा दादा डांग्या खोकल्याने गेला. हिला तरी काही होऊ नये."

सुई मांडीजवळ आली. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"थांब!" शेजारी उभ्या असलेल्या मॅडमनी माझ्यातला आइसपॅक उचलून कानाजवळ हलवला. आवाजच नाही. "दगड आहे हा. कानाला लावला होतास?"

चष्मिशच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही, मॅडम. लस गरम होईल म्हणून घाबरलो."

"मग यांना तूच सांग."

त्याने सुई खाली ठेवली. "ताई, ही लस वाटेत गोठून पुन्हा वितळली असणार. चूक माझी आहे. दुसरी येईपर्यंत थांबाल?"

आईने लेकीला छातीशी धरलं. "आणि टोचली असतीत तर? मला कळलं असतं का?"

"नसतं कळलं, ताई," तो कसाबसा म्हणाला.

माझ्यातल्या सगळ्या कुप्या बाद झाल्या. दुसऱ्या डब्यातून लस आली, तान्हीने टाहो फोडला आणि मला हायसं वाटलं. चष्मिश मात्र मान वर करत नव्हता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर झालंच, तर मला पुसा, झाकण नीट लावा, पण आइसपॅक आधी कानाला लावा. आईला ते तपासता येत नाही, आणि मला सांगता येत नाही.