विहिरीच्या पाण्यातलं लोखंड

पार्से गावच्या सुमंगलाचं संशोधन ऐकायला भारी, करायला निव्वळ कटकट. काचेच्या तुकड्यावर निकेल ऑक्साइडचा केसाहून पातळ थर चढवायचा, ती काच कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवायची, वीज सोडायची आणि पाणी फुटून हायड्रोजन किती निघतो ते मोजायचं. तीन वर्षं तो जेमतेम निघत होता. मग एका आठवड्यात, तेवढ्याच व्होल्टेजवर, एकाएकी चौपट निघाला.

गाईड सरांनी पेढे वाटले. पुढच्या महिन्यात काच तशीच, कृती तीच, आणि हायड्रोजन पुन्हा पहिल्यासारखा. सरांचा पारा चढला. पाणी कोण भरतं, अशी चौकशी सुरू झाली.

पाणी भरायचे नार्वे गावचे गुरुदासकाका, प्रयोगशाळेतले कंत्राटी मदतनीस. त्या चांगल्या आठवड्यात शुद्ध पाण्याचं यंत्र बंद होतं आणि काकांनी कॅन घरच्या विहिरीवर भरून आणला होता. नळाच्या पाण्याला औषधाचा वास. आपली विहीर कशी आरशासारखी! आमच्याकडचा माणूस एक वेळ पोराची बढाई मारणार नाही, पण आपल्या विहिरीच्या पाण्याची मारतोच.

बरं, काकांनी चोरून काहीच केलं नव्हतं. "बाय, यंत्र बिघडलां. घरच्या बांयचें पाणी हाडूं?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि सुमंगलाने आलेखावरची नजर न काढता "हाडात", आणा, म्हटलं होतं.

सरांनी दोघांना समोर उभं करून तिला विचारलं, पाणी विहिरीचं होतं हे तुला माहीत होतं का? ती 'नाही' म्हणाली. दोन अक्षरं, पण सगळं खापर काकांच्या माथ्यावर फुटलं. त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

कॅनच्या तळाशी राहिलेलं पाणी नंतर तिनेच तपासलं. नार्वे म्हणजे डिचोलीचा, लोखंडाच्या खाणींचा मुलूख. दिसायला नितळ पाणी, पण त्यात लोखंडाचा अंश होता. तोच थरात शिरला आणि निकेलला जोर आला. मग तिने लोखंड मोजून घातलं, हायड्रोजन परत चौपट झाला, शोधनिबंध छापून आला. काकांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तिला तेव्हापासून धड जेवण जात नव्हतं.

शुक्रवारी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. आदल्या रविवारी ती नार्वेला गेली. काकांनी अंगणात बाकडं पुसून दिलं, घरच्यांची चौकशी केली. तिने विषय काढताच त्यांनीच तो मिटवला. "तूं विसरलेलें आसतलें, बाय. कामाची गडबड कितली आशिल्ली."

विसरले म्हणायची केवढी सोपी वाट होती ती! तिला रडू आलं.

"विसरूंक नाशिल्लें, काका. म्हाका सगळें याद आशिल्लें."

काकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. ते 'जांव दी' म्हणतील आणि आपण हलक्या होऊन परतू, एवढ्याचसाठी आपण आलो होतो, हे तिला तेव्हा कळलं आणि स्वतःची किळस आली.

"म्हाका खबर आसा," काका म्हणाले. त्यांना ते पहिल्यापासूनच ठाऊक होतं. "म्हाका सांगून कितें जातलें? सरांक सांग."

तिने फोन काढला. पदवी हातची जाताना डोळ्यांसमोर दिसत होती. तिने सरांचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली तसे काका उठून घरात गेले, तिला मोकळेपणी बोलता यावं म्हणून.