अप्सरेचा दोर

मित्रांनो, मी एक जुना सुती दोर आहे, आणि खरं सांगायचं तर जन्माचा भित्रा आहे. दिग्रसकडच्या कापसाचा माझा पिंड, तीन पेड घट्ट वळलेले. माझं काम ऐकलंत तर तुम्हीही माझ्यासारखेच भ्याल.

यवतमाळजवळच्या एका विद्यापीठाच्या आवारात संस्कृत नाटकं करणारी एक कंपनी होती. पगारी नट, रोजची तालीम, गावोगावी दौरे. त्यांच्या नाटकात स्वर्गातून अप्सरा उतरायची. ती अप्सरा म्हणजे भैरवी, आणि तिला वरून खाली आणणारा मी. दोन पुरुष उंचीवर एक जिवंत पोरगी माझ्या भरवशावर लोंबकळायची आणि लोक टाळ्या वाजवायचे! मला मात्र दर वेळी धडकी भरायची.

आधार एकच, उकंडाभाऊ. पडद्यामागे वीस वर्षं दोर सांभाळणारा माणूस. प्रत्येक प्रयोगाआधी तो मला या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्या तळव्यातून सरकवायचा. एखादा तंतू सुटला तरी त्याच्या हाताला कळायचं. पडद्यामागचा आवाज पुढे जाता कामा नये, हा त्याचा नेम. शिंकसुद्धा दाबायचा बिचारा.

मग कापसाचे वाईट दिवस आले. सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने बंद पडले, दोर वळणाऱ्यांनी धंदा सोडला. नवा सुती दोर मिळेना आणि नायलॉनचा हातातून सटकायचा. म्हणून मलाच राबवलं. त्यातच नवे दिवे आले, त्यांच्या उजेडात मी पांढराफेक दिसू लागलो. दिग्दर्शक सलील स्वतः राजाचं काम करायचा. तो म्हणाला, "उकंडाभाऊ, अप्सरेच्या पाठीला दोर दिसतो म्हणजे काय! काळा रंग द्या याला."

"रंग देल्ला तं मले समजन कसं, सर? मी तं हातानं पाह्यतो."

"एवढ्या वर्षांत काही झालंय का? द्या हो."

उकंडाभाऊ गप्प बसला आणि त्यानंच मला रंगवलं. रंग पेडांत मुरला, मी वाळक्या काटकीसारखा ताठ झालो. कप्पीवरून वाकताना आत एकेक तंतू तुटायचा, आणि वरून मी गुळगुळीत! उकंडाभाऊच्या तळव्याला काही लागायचं नाही. मी किंचाळत होतो हो, पण दोराला कुठलं तोंड?

एके दिवशी दुपारचा प्रयोग होता. भैरवी अधांतरी, हसतमुख. आणि माझा एक पेड गेला. देवा! दुसरा उकलू लागला. उकंडाभाऊच्या हातात मी थरथरलो, तसं त्याला कळलं. भराभर सोडावं तर हिसक्यानं तुटणार, थांबावं तरी तुटणार. खाली सलील हात जोडून श्लोक म्हणत होता, त्याला काय ठाऊक?

आणि शिंक दाबणारा तो माणूस गळा फाडून ओरडला, "सर, बाईले धरा! दोर तुटून राह्यला!"

लोक हसले. त्यांना वाटलं, विदूषक आला. सलील मात्र मुकुट टाकून धावला. मी तुटलो. भैरवी त्याच्या अंगावर कोसळली. तिचं मनगट मोडलं, पण जीव वाचला.

पडदा पडल्यावर उकंडाभाऊ तिच्यापुढे येऊन उभा राहिला. भैरवी म्हणाली, "काका, तुम्ही ओरडलात म्हणून मी आहे."

"नाही बाई. मी रंगाच्या टायमाले ओरडाले पाह्यजे होतं. एकडाव बोललो अन् मंग गप बसलो."

सलीलनं माझं तुटकं टोक उचलून उकंडाभाऊच्या हातात दिलं.

मित्रांनो, आमची काळजी घ्या एवढंच मी म्हणणार नाही. आम्ही झिजायचेच. पण ज्याच्या हाताला आमचं दुखणं कळतं, त्याचं ऐका. तो गप्प बसला, की मला अजून भीती वाटते.