फक्त रेघ पाहिजे होती

आमच्या कॉलेजात भूकंपमापकाची नोंद ठेवणारी एक जुनी मशीन आहे. तिला स्क्रीन नाही. कोपऱ्यात बसून ती जमिनीची थरथर आकड्यांत उतरवते आणि कुणाच्या अध्यात मध्यात नसते. अख्ख्या स्टाफमध्ये माझं फक्त तिच्याशी पटतं.

मला त्या आकड्यांची रेघ काढून हवी होती, शांतम्मांसाठी. किल्लारीच्या भूकंपात त्यांचा मुलगा आणि सून गेले. तान्ही नात तेवढी वाचली, इरा. ही गोष्ट २०१०ची, ती तेव्हा बारावीला. तिच्या क्लाससाठी दोघी लातुरात, माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होत्या. पण शांतम्मांना रोज जमीन हलल्यासारखी वाटायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारणींनी समजूत घातली. शेवटी त्यांनी ठरवलं, इराला घेऊन रविवारी गावी परत. इरा रडरड रडली. मी म्हटलं, थांबा, काही हललं नाही हे कागदावर दाखवतो.

रेघ काढणारा प्रोग्राम एवढासा. इन्स्टॉल करायला गेलो तर तो म्हणे, सोबत खिडक्या येतील, माउसचा बाण येईल, फॉन्ट, आवाज आणि वर पत्त्यांचा खेळ. एकाला जेवायला बोलवावं आणि त्यानं बँडवाले घेऊन यावं, तसला प्रकार. स्क्रीनच नाही तर बाण फिरणार कुठं? डिस्क भरत आलेली. हा लवाजमा घ्यायचा तर जुन्या नोंदी पुसाव्या लागणार, आणि मला तर त्याच पाहिजे होत्या.

प्राचार्य श्रीमंत सर म्हणाले, विचारतंय तर 'हो' म्हणून टाका. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर असंच 'हो' म्हणत म्हणत बंद पडलाय. मी मूळ कोड आणला, स्क्रीनचा सगळा भाग वगळला आणि उरलेला प्रोग्राम मशीनवर बांधून घेतला. त्यानं निमूटपणे रेघ काढून फाईलमध्ये ठेवली. ती मी छापली.

रेघ सपाट नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ तिला बारीक दाते होते. मी चक्रावलो. मग लक्षात आलं, ही क्लासच्या बॅच सुटायची वेळ. बस, रिक्षा आणि हजारो पोरं एकदमच रस्त्यावर. कॉलेज आणि आमचं घर, दोन्ही त्याच रस्त्यावर.

कागद शांतम्मांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. जमीन हलते, पण भूकंप नाही. त्या कितीतरी वेळ दात्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हंजे मी खुळी न्हाई."

"नाही."

"सगळे मला गोळ्या द्यायलेत." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "पोरांनी हालवलेलं चालतंय, सर. जित्ती हायत म्हणून हालतंय."

इरा दारात चप्पल घालून उभी होती, क्लासला जाऊ की नको हे न कळून. शांतम्मांनी तिच्याकडं बघितलं.

"जा," त्या म्हणाल्या. "तूबी हालव."