पिंपातले शिपाई

दुपारच्या कॉफीला त्सिगेच्या अंगणात आमची अख्खी गल्ली जमली होती, पण कॉफीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पाण्याच्या पिंपात डोकावत होते. पाणी वळवळत होतं.

गाशे तेफेरांनी, म्हणजे तेफेरा काकांनी, पिंपावर हात धरून हुकूम सोडला, "बुडा." वळवळणारे सगळे जीव झटक्यात तळाला गेले. बायकांनी हात जोडले.

"माझे शिपाई," गाशे म्हणाले. "नजर गिळायला खाली गेले. पिंप झाकू नका, त्यांचा जीव गुदमरेल."

गाशे पूर्वी छत्र्या दुरुस्त करायचे. इथिओपियातल्या आमच्या दिरे दावा शहरात पाऊस पडेना, तेव्हा ते वैद्य झाले. त्यांचा तर्क बिनतोड होता: डास पावसाचे, पाऊस नाही, म्हणजे डास नाहीत, म्हणजे गल्लीत पसरलेला हा ताप नजरेचा. आम्हाला पटलं. आजोबांच्या काळापासून ताप पावसाबरोबरच यायचा. त्सिगेला तर इतकं पटलं, की तिची सहा वर्षांची लेक हेर्मेला आत तापानं फणफणत असताना तिनं आरोग्य केंद्राच्या गोळ्या बंद करून पिंपातलं पाणी सुरू केलं.

तेवढ्यात केंद्रातली सिस्टर झेउदितू आली. तिनं कॉफीचं तबक उचलून पिंपावर नुसतं धरलं. शिपाई पुन्हा तळाला.

"तबकालाही सिद्धी आहे का, गाशे? सावली पडली की अळ्या बुडतात. हुकूम लागत नाही."

मग तिनं पिशवीतून बरणी काढली. परवा याच पिंपातलं पाणी भरून तिनं तोंडाला विरळ कापड बांधलं होतं. आता कापडाखाली डास भणभणत होते.

गाशे जराही डगमगले नाहीत. "शिपायांना पंख फुटले."

दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"मग हात घाला बरणीत," झेउदितू म्हणाली. "तुमचेच शिपाई आहेत."

गाशेंना एकाएकी दुसऱ्या गल्लीतला रुग्ण आठवला.

झेउदितूनं त्सिगेला सांगितलं, की हा मलेरियाचा डास नवा आहे. त्याला पाऊस लागत नाही. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं म्हणून आपण पिंपं भरतो, तेवढं त्याला पुरतं.

"म्हणजे मी तिला..." त्सिगे आत पळाली. पोरीला पाठीशी बांधून ती केंद्राकडे धावली.

हेर्मेला वाचली. पण दोन दिवस केंद्राच्या दारात बसून त्सिगेनं जे भोगलं, ते कुठल्याही आईच्या वाट्याला येऊ नये. म्हणून सांगतो: पिंप झाका, ताप आला की रक्त तपासा, गोळ्या पुऱ्या करा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर आधी त्याला त्यात हात घालायला सांगा.