नळीतली थरथर

थोरला पाण्याखाली उतरायचा, धाकटा वर होडीत इंजिन सांभाळायचा. तळाशी बुडालेल्या जहाजाचं लोखंड सोडवून आणायचं, हा दोघा भावांचा धंदा. इंजिनावर हवेचा पंप चाले आणि हवा रबरी नळीतून थोरल्याच्या तोंडात जाई. तो नळी दातांत घट्ट धरी. वरची धडधड नळीतून उतरून त्याच्या दाढांत थरथरे. तेवढ्यावरून त्याला कळे, वर सगळं ठीक आहे.

बापाने शिकवलं होतं, थरथर थांबली तर पंपाच्या टाकीत चार श्वासांची हवा उरते; हातातलं टाकायचं आणि वर यायचं. एरवी मात्र होडीतून सोडलेल्या दोरीच्या प्रत्येक गाठीशी थांबत सावकाश यायचं. घाईने वर आलेल्या त्यांच्या चुलत्याने उरलेलं आयुष्य अंथरुणावर काढलं होतं.

डिझेलचा धूर हवेत मिसळे आणि थोरल्याचं डोकं ठणके. म्हणून धाकट्याने तळणीच्या जुन्या तेलापासून केलेलं इंधन आणलं.

"वास तरी बघ," थोरला म्हणाला. "खाली मला भूक लागायची."

"डोकं तर दुखणार नाही ना, दादा?"

"ते तुझ्या बडबडीने दुखेल. आधी आहे ते संपू दे."

थोरला उतरला. मध्येच डिझेल तळाला गेलं, तसं धाकट्याने चालू इंजिनातच नवं इंधन ओतलं. हळूहळू धूर विरळ झाला. खडखड मवाळ पडली. एरवी फळीवर नाचणारा चहाचा पेला जागच्या जागी उभा राहिला. कधी एकदा दादा वर येतो आणि त्याला हे दाखवतो, असं धाकट्याला झालं.

तेवढ्यात दोरी सैल पडली. बुडबुड्यांच्या लोटाबरोबर थोरला वर आला, एकाही गाठीशी न थांबता.

धाकट्याने त्याला ओढून फळीवर घेतलं.

"इंजिन का बंद पडलं रे?"

"बंद कुठे पडलंय, दादा? चालू आहे."

"मला शिकवू नकोस. दाढेला काही लागत नव्हतं."

धाकट्याने त्याचा तळहात फळीवर दाबला. लाकूड बारीक, एकसारखं थरथरत होतं. थोरला बराच वेळ हात तसाच ठेवून पडला.

"गुणी चालतंय की," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझे पाय सरळ कर रे. अंगाखाली दुमडलेत."

पाय सरळच होते. धाकट्याने ते उचलले, पुन्हा तिथेच ठेवले.

"केले, दादा," तो म्हणाला.