भिजवलेला दांडा

"पाण्यानं फुगलेल्या दांड्यावर भरवसा ठेवू नये. आज घट्ट वाटतो, उद्या कुणाचा तरी जीव घेतो."

चेपलेल्या गाड्यांचे पोचे काढणारे एक काका माझ्याकडे बोट दाखवून असं म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. नुकतीच बादलीतून निघाले होते, अंग कसं गच्च वाटत होतं. म्हाताऱ्या माणसांना काळजी करायला काहीतरी लागतंच, असं वाटून मी ते सोडून दिलं.

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. खरं तर हातोडीचं नुसतं डोकं. दांडा आता माझ्याजवळ नाही. पोलीस ठाण्याच्या कपाटात, कुणाच्या तरी तुटक्या चपलेशेजारी मी पडून असते.

माझा जन्मच मारामारीतला. लालबुंद तापवून मला ऐरणीवर घातलं, वरून घणाचे घाव, आणि मग थंड पाण्यात बुचकळणं. त्यामुळे मारण्यात काही वाईट असतं, हे मला पुष्कळ वर्षं कळलंच नाही. पत्र्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात मी कामाला लागले. माझ्या मालकाला सगळे 'भट्टी' म्हणत, कारण तोंड उघडलं की वाफच बाहेर यायची. पण त्याच्या हाताला यश होतं. तो पत्र्याची कड अशी वळवायचा की तपासनीस बोट फिरवून म्हणत, "ही भट्टीची टाकी, दुसऱ्या कुणाची नाही." ते ऐकून मीही फुगायची.

मग लोकांना प्लास्टिकच्या टाक्या स्वस्त पडायला लागल्या. एका सकाळी कामगार आले तर फाटकाला कुलूप. भट्टीनं मला पिशवीतून काढलं आणि कुलपावर घातलं. रखवालदारानं अडवायला मध्ये हात घातला. मित्रांनो, पत्र्याचा आवाज वेगळा असतो आणि हाडाचा वेगळा. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पाठोपाठ लाठ्या आल्या. डोकी फुटली, भट्टीचं कोपर मोडलं. आणि ज्या रखवालदाराचं मनगट मी मोडलं, त्याचीही नोकरी त्याच दिवशी गेली होती. त्याला ते दवाखान्यात कळलं.

मग मी भट्टीबरोबर त्याच्या घरी आले. घरात मारायला टाक्या नव्हत्या. भट्टीनं आरसा फोडला, कपाटाचं दार फोडलं, मोरीची फरशी फोडली. त्याची चार वर्षांची मुलगी बाबांच्या चपला दारात कशा पडतात ते कान देऊन ऐकायची. हळू पडल्या तर खेळत राहायची, आपटल्या तर पलंगाखाली जायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिची आई मला रोज नव्या जागी लपवायची. कधी पिठाच्या डब्यामागे, कधी गादीखाली. एकदा भट्टीनं मला शोधून काढलं आणि हात वर नेला, तेव्हा ती मुलीला मागे घेऊन म्हणाली, "उगारायचीच असेल तर बाहेर जाऊन उगारा. इथं तुम्हाला कामावरून काढणारं कुणी नाही."

हात खाली आला. दुसऱ्या दिवशी तीच त्याला केंद्रात घेऊन गेली.

ते केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक शटर. ज्यांची कामं गेली त्यांना दुसरं काम शिकवायचं आणि जिथं जागा असेल तिथं नेऊन उभं करायचं, एवढंच तिथलं काम. खर्च सरकारचा. तिथल्या ताई कायम फोन डाव्या कानाशी, खांद्यात दाबून बोलत असायच्या.

"काय येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"ठोकायला."

"ते दिसतंय," भट्टीच्या वाकड्या कोपराकडे बघत ताई म्हणाल्या. "ज्यांना ठोकलंत ते इथंच आहेत. आत पंख्याच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरायला शिकताहेत."

आतून रखवालदाराचा आवाज आला, "त्याला म्हणावं, हातोडी बाहेर ठेवून ये."

भट्टी हसला. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना ऐकलं.

तिथंच शिकवायला असलेले ते काका मला भेटले. चेपलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते म्हणायचे, "अरे, पोचा मारून निघत नाही. समजावून निघतो. मागून आधार धर आणि कडेकडेनं ये." भट्टीला ते जमायला वेळ लागला. मलाही लागला. सगळ्या जन्मात मी हळू कधी बोललेच नव्हते. पण टक टक करत पत्रा जागेवर यायला लागला, तेव्हा मारण्याहून मोठं काही आपल्याला येतं, याचा आनंद झाला. एकदा शटरसमोर एक चेपलेली बस सरावाला आणली होती, तेव्हा मुलगी बघायला आली. तिनं विचारलं, "बाबा, बसला लागलंय का?"

"लागलं होतं," भट्टी म्हणाला. "आता बरं होतंय."

माझा दांडा मात्र सैल झाला होता. भट्टी मला रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवायचा. लाकूड फुगलं की मी घट्ट. पण वाळलं की आधीपेक्षा सैल. लोक 'पाचर मारली' म्हणजे काम बिघडवलं असं म्हणतात. आम्हा हातोड्यांचा जीव मात्र दांडा डोक्यात घट्ट धरणाऱ्या त्या पाचरीतच असतो. काका म्हणाले, "मी लोखंडी पाचर करून आणतो, ठोकून घे."

भट्टीची परीक्षा झाली आणि बसच्या कार्यशाळेनं त्याला दोन महिन्यांनी घ्यायचं कबूल केलं. पहिले काही महिने अर्धा पगार सरकार देणार होतं. तेवढ्यात वरून कळलं की केंद्राचा निधी थांबला. धावपळ करून दोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी नाही वाजवल्या.

"दांडा भिजवलाय नुसता," त्या म्हणाल्या.

मुदतवाढीच्या पैशात ताई आणि काका दोघांचा पगार बसेना, म्हणून आधी काकांना निरोप मिळाला. ते गेले आणि माझी पाचर त्यांच्या खिशातून गेली. दोन महिने बादलीवर निघाले.

कामाचा पहिला दिवस उजाडला. बाबांना बसजवळ उभं राहिलेलं बघायचं म्हणून मुलगी आणि आई सोबत आल्या होत्या. कार्यशाळेच्या दारावरच्या माणसानं सांगितलं, "मुदत संपली, सरकार अर्धा पगार देणार नाही म्हणे आता. मग आम्हालाही नको. मी काय करू, दादा?"

भट्टी वळला. तो केंद्राकडे चालू लागला, मागे त्या दोघी जवळजवळ पळत. ताई शटर ओढून कुलूप लावत होत्या.

"उघडा, ताई."

"उघडून काय करू? आत काही राहिलं नाही हो."

त्यानं मला काढलं. ताईंवर नाही, शटरवर घातलं. एकदा. पुन्हा. पत्रा फाटल्यासारखा ओरडला. मी दांड्यात हलतेय हे मला कळत होतं, पण ओरडायला मला तोंड कुठं? तिसऱ्या वेळी हात मागे गेला आणि मी सुटले.

मागे सरकलेल्या ताईंच्या डाव्या कानावर मी बसले. दमलेलं माणूस बसतं तशा त्या पायरीवर खाली बसल्या. रक्त किल्ल्यांवर पडलं. भट्टीच्या हातात नुसता दांडा होता.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "आई, ताईंना पोचा पडला."

ताई वाचल्या. त्या कानानं आता ऐकू येत नाही, फोन दुसऱ्या कानाला लावतात. रखवालदार ठाण्यातले पंखे दुरुस्त करायला येतो, त्याच्या बोलण्यातून मला हे सगळं कळतं. मुद्दाम मारलं नाही अशी साक्ष ताईंनीच दिली, म्हणून भट्टी लवकर सुटला. तो घरी बसून असतो. केंद्राचं शटर अजून बंदच आहे.

मित्रांनो, पाचर बोटाएवढी असते. ती काढून घेतली तर कुणाला दिसतही नाही, जोवर हात उगारला जात नाही. मोठे झालात आणि कुठला खर्च कमी करायचा हे ठरवायची वेळ तुमच्यावर आली, तर माझी आठवण ठेवा.

आणि आत्ता एक काम करा. तुमच्या गल्लीत ज्या घरातल्या माणसाचं काम गेलंय, तिथं एक लहान मूल असेल. आईला सोबत घेऊन त्याची चौकशी करून या. दार मात्र ठोकू नका. बोटांनी हळू वाजवा, आणि आपलं नाव सांगा, म्हणजे ते पलंगाखालून बाहेर येईल.