स्मरणाचा मणी

“उग्ने, तुझ्या दोमासचे कान डॉक्टरांना एकदा दाखवून घे गं. मी पाठमोरी असले की त्याला काही कळतच नाही,” बालवाडीच्या दाइवाबाई म्हणाल्या होत्या.

उग्ने हसली होती. “बाई, बापावर गेलाय. लक्षच नसतं.”

पुढे शाळेआधीच्या डॉक्टरी तपासणीत, ऐकलेले शब्द दोमासला परत सांगता आले नाहीत. “स्मरणशक्ती कच्ची,” असं ठरवून सासूबाई जेनोवाइते नातवाला बंदरावरच्या जत्रेत घेऊन निघाल्या. उग्नेही मागून गेली.

धुरी दिलेल्या माशांच्या टपऱ्या ओस होत्या. सगळी गर्दी मणी विकणाऱ्या विर्गिलियुसच्या तंबूपुढे. त्याच्या हातात समुद्रातून वाहून आलेल्या राळेचा, म्हणजे अंबरचा, मधाच्या रंगाचा मणी.

“युगांपूर्वी अडकलेल्या माशीला ही राळ अजून विसरली नाही, मंडळी. तुमच्या बाळाचा धडा विसरेल होय?”

त्यानं दोमासला समोर बसवलं. “होडी, पाव, कोल्हा, चमचा, टोपी, चंद्र.” दोमासनं दोन सांगितले. मणी गळ्यात घालून त्यानं पुन्हा वाचलं, चार आले. मणी कपाळाला लावून पुन्हा, एक सोडून सगळे. टाळ्या पडल्या.

“बघ. तुझ्या डॉक्टरांना जमलं असतं?” सासूबाईंनी बटवा उघडला.

उग्नेनं मणी काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि दोमाससमोर उकिडवी बसली. “मांजर, पूल, साबण, घंटा, ढग, बटाटा.” दोन आले. तेच पुन्हा वाचलं, चार. पुन्हा, एक सोडून सगळे.

“तेच शब्द परत परत ऐकले की कुणाच्याही लक्षात राहतात. यात मण्याचं काय?”

विर्गिलियुस गोड हसला. “बाई, खिशातूनसुद्धा गुण दिला की त्यानं.”

दुप्पट टाळ्या. रांग पुढे सरकली. सासूबाईंनी एक मणी दोमासच्या गळ्यात घातला, शेजारणीसाठीही एक घेतला.

उग्नेला मात्र आता एकच गोष्ट टोचत होती. शब्द ऐकताना दोमास सारा वेळ तिच्या ओठांकडे बघत होता. ती त्याच्या मागे गेली.

“दोमास, आइसक्रीम घ्यायचं?”

तो वळला नाही. मणी चोखत तंबूकडे बघत राहिला.

पुढे कान तपासल्यावर, त्याच्या पडद्यामागे पाणी साचलंय, असं डॉक्टर म्हणाले. बहुधा बरेच महिने. शस्त्रक्रियेची पाळी यायची आहे. तोवर उग्ने समोर बसूनच बोलते. त्याचे हुकलेले शब्द कुठून आणायचे, ते तिला कळत नाही. मणी गळ्यातच आहे. सासूबाई काढू देत नाहीत.

चमत्कार दिसला की एवढंच विचारा: ती वस्तू बाजूला ठेवून हेच घडतं का? आणि तुमच्या ओळखीत “लक्षच नसतं” म्हणून बोलणी खाणारं एखादं पोर असेल, तर आज त्याच्या मागे उभं राहून हळूच हाक मारा. वळतं का बघा.